मधल्या दिवशीचा ताप

आत्याबाई, लग्न होऊन कडावला आले तेव्हा सासूला काय हाक मारावी हे मला कळेना. जावा आत्याबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज कॉलेजात मुलींना हिवताप शिकवला आणि तो दिवस आठवला. रांधायची पाळी माझी आणि जीवशास्त्राचा शेवटचा पेपरही त्याच दिवशी. तो चुकला असता तर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं. तुम्हाला दिवसाआड थंडी वाजून ताप येई, आणि तो दिवस नेमका तापाचा. थोरल्या जाऊबाई म्हणतात, "भाकऱ्या थापून जा म्हनावं. परीक्षा काय पलून चालली हाय?" तुम्ही चुलीपुढं बसता, परात ओढून घेता. "परीक्षा नाय पलत, यष्टी पलते. जा गं तू. हुडहुडी भरलीच तर चूल हायच शेकायला."

संध्याकाळी परतले तेव्हा टोपलीत भाकऱ्या होत्या, दोन-तीन करपलेल्या, आणि तुम्ही गोधडीखाली तापानं फणफणत होता. पेपर कसा गेला हे न विचारता म्हणालात, "तुज्या पुस्तकात लिवलंय का गं, मधल्या दिवशी हा मेला जातो कुठं?"

"कुठं जात नाही, तापाचा जंतू रक्तातच असतो."

"मंग गप का बसतो?"

याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आत्याबाई, तो गप नसतो. तांबड्या पेशींत शिरून वाढत असतो. त्या फुटल्या की ताप चढतो. डासात त्याचं रूप वेगळं, आपल्या यकृतात वेगळं, रक्तात आणखी वेगळं. जनुकं मात्र सगळीकडं तीच. एका जागी काही कामाला लागतात, बाकीची नुसती असतात. जागा बदलली की दुसरी उठतात. वर्गात मी म्हटलं, घरात सुना सगळ्याच असतात, चुलीपुढं मात्र जिची पाळी ती. मुली हसल्या. जनुकांना उठवतं कोण आणि बसवतं कोण, हे अजून आम्हाला नीट उलगडलेलं नाही. तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

नोकरीच्या गावाहून मी तुम्हाला पत्रं पाठवत असे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, धाकटे भाऊजी मोठ्यानं वाचून दाखवत. त्यामुळं पत्रांत भाताच्या लावणीची, म्हशींची चौकशी आणि पोरांची खुशाली, एवढंच असे. तुमच्यामुळं मी शिकले, हे एकदा लिहिलं होतं. मग खोडलं. ते भाऊजींच्या आवाजात तुमच्या कानी पडावं, असं मला वाटलं नाही.