नव्या डब्यातला गोंद

६ जानेवारी, शनिवार

अख्खी भट्टी गेली. विजेच्या फ्यूजचे चिनीमातीचे भाग — एकूण एक तडकलेले. काही फुगलेले, फोडून पाहिले तर आत काळे. सेतुमाधवअण्णा म्हणाले, "सत्तावीस वर्षांत असं पाहिलं नाही गे."

भट्टी लावणं त्यांचं, मातीची पूड कालवणं माझं. दाबलेल्या पुडीनं आकार धरावा म्हणून मी गोंद घालते. भट्टीत तो हळूहळू जळून जायचा असतो. आच घाईनं वाढवली तर धुराला वाट मिळत नाही, माल फुटतो. म्हणजे बोट अण्णांकडेच जाणार.

८ जानेवारी, सोमवार

मालक बाळकृष्णरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जेवून डोळा लागला का हो?"

अण्णा म्हणाले, "नाही. तासाला तीस डिग्रीच चढवलं. वहीत लिहिलं आहे."

"वही काय, मागाहूनही भरता येते."

आच नोंदणारं यंत्र दिवाळीपासून बंद आहे. दुसरा पुरावा नाही. अण्णांनी भट्टीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, कमरेची वेष्टी सावरली आणि बस स्टॉपकडे निघाले. जेवणाचा डबाही घेतला नाही. मी तिथेच उभी होते. मला ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली — नवऱ्याला, रमणना पक्षाघात झाला त्या वर्षी.

१० जानेवारी, बुधवार

नवा गोंदाचा डबा हलवताना लेबल वाचलं. जुन्यात शंभरात दहा भाग गोंद असायचा, ह्यात वीस. मी नेहमीचीच मापं घातली होती. म्हणजे दुप्पट. नेहमीच्या आचेवर तो धड जळणारच नव्हता. अण्णांनी काहीच चुकवलं नव्हतं.

चूक माझी.

हे फक्त इथे लिहिते. घरात देवनागरी कुणाला वाचता येत नाही — रमणना नाही, मुलीला, हरिणीलाही नाही. बाबांनी हौसेनं शिकवली, ती अशा कामाला आली.

११ जानेवारी

सांगितलं नाही.

१२ जानेवारी

आजही नाही. मालक त्रिचीला गेले होते. इथे असते तरी मी तोंड उघडलं असतं का? नोकरी गेली तर रमणचं काय, हरिणीच्या कॉलेजचं काय — दिवसभर हेच.

१५ जानेवारी, पोंगल

हरिणीनं दारात तांदळाच्या पिठानं मोठं कोलम घातलं. दूध उतू गेलं, सगळ्यांनी "पोंगलो पोंगल" म्हटलं. रमण म्हणाले, "अण्णा दर वर्षी ऊस घेऊन येतात. यंदा आले नाहीत?"

मी म्हटलं, बरं नाही त्यांना.

माझ्या वाटचा गोड पोंगल मी हरिणीच्या ताटात वाढला.

२० जानेवारी, शनिवार

अण्णांच्या गावी, तिरुवैयारुला गेले. सांगायचंच, असं ठरवून.

अण्णा तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. चंद्रमतीवैनी मला दारातच हळू म्हणाल्या, "रोज तेच. किती वाजता काय केलं, मोजत बसतात. जेवत नाहीत."

मी शेजारी बसले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"भामा, मी झोपलोच असेन गे. जेवून बाकावर टेकलो, ते आठवतं. पुढचं आठवत नाही. आधी आठवत होतं. आता जितका विचार करतो तितकं पुसट होतं."

"अण्णा, तसं नाही —"

"काल पत्र लिहून पाठवलं मालकांना. माफी मागितली. एवढा माल माझ्या हातून गेला."

वैनी कॉफी घेऊन आल्या. मी कॉफी प्याले. मग उठले आणि बस धरली. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

२२ जानेवारी, सोमवार

मालकांना सगळं सांगितलं. डबा टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी लेबल दोनदा वाचलं. मग खणातून अण्णांचं पत्र काढलं. तमिळमध्ये, वळणदार अक्षरात — झोप लागली, क्षमा करावी.

"त्यांनी आपण होऊन लिहून दिलंय. आता तुम्ही कशाला मध्ये पडता? नवी भट्टी येते आहे, ती आपोआप चालते. त्यांना परत बोलावून बसवू कुठे?"

"पण ते झोपले नव्हते."

"मापं नीट घेत जा," म्हणाले, आणि फोन उचलला.

मला कामावरून काढलंसुद्धा नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी, मंगळवार

रजा टाकून पुन्हा तिरुवैयारुला. लेबल सोलून बरोबर नेलं होतं. वैनींसमोर अण्णांना सगळं सांगितलं, काही न लपवता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी लेबलाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून इतकं कोण करतं गे? पण असं आपल्यावर ओढून घेऊ नकोस. तुला घर आहे."

चूक खरंच माझी, म्हणून मी हरिणीची शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.