इतवारीच्या लुगड्याचा रंग

कुरखेडा,
२८ मार्च २०२४

चि. सुकरीस,

फोटोभाऊचे आशीर्वाद. तू एटापल्लीच्या दवाखान्यात नर्सबाई झालीस, हे तुमच्या गावच्या मुखरूकडून कळलं आणि ऊर भरून आला. पत्ताही त्यानंच दिला. इकडं मोहफुलं पडू लागलीत, पहाटेच सगळं गाव टोपल्या घेऊन रानात. माझे गुडघे मात्र उंबरठाही ओलांडू देत नाहीत.

दुकान बंद करून नऊ वर्षं झाली. जुन्या फिल्मा तेवढ्या डब्यांतून पडून होत्या. सून उर्वशीनं फिल्म स्कॅन करायचं यंत्र आणलं. म्हणाली, "बाबा, बसल्या बसल्या चिडचिड काऊन करता? हे शिका." शिकलो. कॅमेरा तरी मला कोणी शिकवला होता? हेही तसंच, चुकत चुकत.

यंत्र फार हुशार आहे, पण एका बाबतीत अगदी माझ्यासारखं. फिल्मवर दोन फोटोंच्या मधे बारीक रिकामी जागा असते, ती पाहून ते फोटोची चौकट धरतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं चाक ढिलं होतं, त्यामुळं फोटो एकमेकांना चिकटून यायचे. मग यंत्र गोंधळतं. अर्धा नवरदेव नि अर्धी बैलजोडी एकाच चौकटीत. उर्वशी हसून हसून बेजार. मी माउसनं चौकट सरकवून जागेवर आणतो.

यंत्राची चूक सरकवता येते, सुकरी. माझी कात्रीची होती.

आता लिहितोच. तेव्हा तू चौदाची असशील. उन्हाळ्यात आईसोबत चारोळी विकायला बाजारात आली होतीस. दुकानासमोरच्या मातीच्या भिंतीपाशी उभं करून तुम्हा दोघींचा फोटो काढला. इतवारीनं पदर सारखा केला नि मलाच दम भरला, "फोटोभाऊ, मले गोरी नको करू हं! आमच्या रुखमाबाईले एवढी गोरी केली का तिचाच कुत्रा भुंकला फोटोवर."

रोल संपून धुऊन यायला पोळा उजाडला. भादव्यात इतवारी तापानं गेली. दिवाळीच्या बाजाराला तू एकटीच आलीस, फोटो मागायला.

मी म्हटलं, "रोलमध्ये उजेड शिरला पोरी, फोटो आला नाई."

तू विचारलंस, "थोडासा बी नाई?"

खोटं बोललो मी. रोल चांगला आला होता. फिल्मच्या पट्ट्या कापताना घाईत दोन फोटोंमधली जागा चुकली आणि कात्री इतवारीच्या चेहऱ्यावरून गेली. एका पट्टीत तू आणि आईचा अर्धा चेहरा, दुसऱ्या पट्टीत उरलेली आई. त्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि कुरखेड्यात आपल्यासारखा फोटोवाला नाही ही माझी ऐट. कात्री चुकली म्हणायला जीभ वळली नाही. तू मागत होतीस ते थोडंसं माझ्याजवळ होतं, आणि मी ते दिलं नाही. पुढं तू बाजारात दिसलीस की मी पडद्यामागं जायचो. तुला वाटलं असेल, भाऊ कामात आहे.

दोन्ही पट्ट्या पावडरच्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या. या आठवड्यात त्या काढल्या. वेगवेगळ्या स्कॅन केल्या नि पडद्यावर कडेला कड लावत बसलो, केसभर वर, केसभर खाली. तीन दिवस गेले. परवा दुपारी दोन्ही डोळे एका रेषेत आले आणि इतवारी माझ्याकडं पाहू लागली. मी चष्मा काढून ठेवला.

नाकावरून एक रेघ राहिली आहे. उर्वशी म्हणाली, "पुसून टाकू, बाबा? कोणाले कळणार नाई." मी नको म्हटलं. एकदा लपवलं तेवढं पुरे. ठेवायची की पुसायची, ते तू सांग.

अडलंय ते रंगापाशी. फिल्म जुनी होऊन सगळं लालसर झालंय. यंत्राला आपोआप रंग लावू दिला, तर त्यानं इतवारीला गुलाबी गोरी करून टाकलं. तिचा दम आठवला नि झटकन बंद केलं. हातानं लावायचा तर फोटोतल्या एका तरी वस्तूचा खरा रंग ठाऊक पाहिजे. त्या वस्तूचा रंग जागेवर आला की चेहऱ्याचाही येतो. मागची भिंत दर सणाला नव्या मातीनं सारवायचे, तिचा भरवसा नाही. लुगडं हिरवं करून पाहिलं, निळं करून पाहिलं. दर वेळी चेहरा दुसऱ्याच बाईचा. मला आठवत नाही, पोरी. आयुष्यभर लोकांकडं पाहणं हाच धंदा केला, आणि नीट पाहिलंच नाही.

दोन्ही पट्ट्या या पाकिटात घातल्या आहेत. त्या तुझ्याच. कडांना धरून उजेडापुढं कर.

राग लिहायचा असेल तर तोही लिही, मी वाचीन. पण खाली एक ओळ जरूर लिही. आईचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं? तोवर मी फोटोला हात लावत नाही.

तुझ्या आईनं ज्याच्यासमोर विश्वासानं पदर सारखा केला, तो
गुणवंत फोटोभाऊ