न पुरवलेलं वाक्य

धाकटे,

हे पत्र प्रॉम्प्टिंगच्या वहीतच राहील.

नाटकातली ती आज्ञाधारक मुलगी तू करतेस, पण अडलीस की विंगेतून वाक्य मी पुरवते. टाळ्या तुला, घसा माझा. ती भूमिका मला हवी होती.

कालच्या प्रयोगात बापाने लग्न ठरल्याचं सांगितलं आणि "जशी तुमची इच्छा, बाबा" हेच तू विसरलीस. माझ्याकडे पाहिलंस. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. तुझी फजिती बघायची होती मला.

तू नुसती बापाकडे बघत राहिलीस. प्रेक्षकांना तो नकारच वाटला. टाळ्या थांबेनात.

आज दिग्दर्शक म्हणाले, "यापुढे तिथे ती गप्पच राहील. तुम्हीही काही सांगू नका."

मी म्हणाले, "जशी तुमची इच्छा."

तुझी,
विंगेतली ताई