सिस्टर ऑगस्टाची मुलगी

बिन महमूद, दोहा
१२ ऑक्टोबर २०१९

प्रिय मधुरा,

गुडघा कसा आहे? आम्ही सगळे बरे आहोत. कालपासून नाशिकच्या वसतिगृहातली ती दुपार डोळ्यांसमोर आहे. आपण दोघी रुमालांच्या कोपऱ्यांत पक्षी भरतोय आणि सिस्टर ऑगस्टा भाकरी काट्याने तोडायला बघतेय. तू विचारलंस, "सिस्टर, पवित्र आत्म्याचं कबूतर एका पायावर का उभं?" ती नुसती हसली.

ते कबूतर नव्हतंच गं. बगळा होता.

काल शुक्रवारची सुट्टी, म्हणून शौनकने त्यांच्या स्टेडियमवरचे बेल्जियन इंजिनिअर पिएर यांना जेवायला बोलावलं. वर्ल्ड कपपायी इथले रस्ते रोज वेगळीकडे वळवतात, त्यामुळे पाहुणे उशिरा आले. मी तेच रुमाल मांडले होते. पिएरनी एक उलगडला आणि कोपरा बघत राहिले. "हे आमच्या घराण्याचं चिन्ह आहे. तुमच्याकडे कसं?"

"आईच्या शाळेतलं कबूतर आहे ते," शौनक म्हणाला. "यल्ला, चला, आमटी गार होतेय."

मी शाळेचा फोटो आणून मधोमध बसलेली सिस्टर दाखवली. पिएरचा चेहरा उतरला. "ही माझी आजी. काउंटेस हेलेना. पण ती चव्वेचाळीस साली बाँबहल्ल्यात गेली. आमच्या चॅपेलमध्ये तिच्या नावाचा दगड आहे."

मधू, चौऱ्याऐंशी साली तिच्या पेटीवर आपण माती टाकली.

दोघांच्या माहितीतून आणि थोड्या अंदाजाने हळूहळू उलगडलं ते असं: नवरा लढाईत गेल्यावर ती जमीन, घोडे, पदवी, सगळं सोडून मठात शिरली. सासऱ्यांना तो अपमान वाटला. आपल्याकडे जिवंत माणसाचं घटश्राद्ध घालत, तसा त्यांनी दगड बसवला. मागे राहिली सहा वर्षांची मार्गो, पिएरची आई. आई मेली असं समजूनच ती म्हातारी झाली.

मी वसतिगृहात आले तेव्हा सहाचीच होते. बिनआईची म्हणून सिस्टर मला दर रविवारी पुढ्यात घेऊन तेल लावायची, वेणी घालायची. तेव्हा तिच्या मनात काय चालायचं? मी मनातल्या मनात तिला आईच म्हणत आले. आता तिच्यावर रागावू की तिच्यासाठी रडू, कळत नाही.

पिएरनी विचारलं, "मुलांवर माया करायची का?"

मी म्हटलं, "शिस्तीची होती."

आज सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी आईला, मार्गोबाईंना, सांगितलं म्हणे. तिने एवढंच विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?" मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. आज संध्याकाळी सांगेन, मी होते. वेणीचं नाही सांगणार.

तुझ्याकडे तिची करडी शाल आहे ती मार्गोबाईंना द्यायची. तुझा सागर दिवाळीनंतर इकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठव, धुऊ नकोस. तिचा क्रूसही पाठव, तो त्यांचाच. माझे रुमाल मी पिएरना देते, त्यातला एक तुझ्या गार्गीला ठेवते. फोटो शौनकला. आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तू माझ्या नावाने तिच्या कबरीवर शेवंती ठेवतेस ना, यंदा ती मार्गोच्या नावाने ठेव. माझ्या नावाची वेगळी नको.

तुझी,
नयना