दहा वाजताची नोंद

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा वॉर्डात होते, म्हणून उत्तराला उशीर. तू विचारलंस, वाळलेय का. वजन दोन किलोंनी उतरलंय आणि जीभ तेवढीच वाढलीय, असं खोलीतली मैत्रीण म्हणते. ते राहू दे. आज एक वाईट गोष्ट सांगायचीय आणि ती बाबांच्या आधी तुला कळायला हवी.

सध्या आमच्या नर्सिंगच्या वर्गाची पाळी बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. प्रत्येकीला एक बाई नेमून देतात आणि तिचा शुश्रूषा आराखडा लिहायला लावतात. तू वॉर्डात जन्म काढलास, रकाने तुला पाठ असतील. बाईची अडचण, आपला हेतू, आपण काय केलं, आणि शेवटी परिणाम काय झाला. असे पंधरा आराखडे आणि प्रत्येकावर ट्यूटरबाईंची सही. एक सही कमी पडली तर परीक्षेचा अर्ज जात नाही. गोम अशी, की आम्ही वॉर्डात येतो सातला आणि फाइल दाखवायची असते आठला. दिवसाचा परिणाम तासाभरात कुठून आणायचा? वरच्या वर्गाकडून एक नमुन्याची फाइल वर्षानुवर्षं चालत आलीय. तिच्यातून उतरवायचा. खाटेचा नंबर तेवढा आपला.

परवा मीही उतरवला. माझी बाई पहिलटकरीण, पहाटे बाळंत झालेली, चार टाके. दहा वाजता तिला लघवी झाली, असं मी साडेसातला लिहून मोकळी झाले आणि आठला दाखवून, सही संध्याकाळी मिळते म्हणून, फाइल खाटेला अडकवली. अकराला सिस्टर फेरीवर आल्या, नोंद वाचली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. बाईला लघवी झालेलीच नव्हती. मूत्राशय तुडुंब भरलं, त्याने गर्भाशय वर ढकललं, ते आवळेना आणि रक्त जायला लागलं. पाऊण वाजता आयाबाई रक्त टिपायची घडी बदलायला गेल्या आणि त्यांनी सगळा वॉर्ड गोळा केला. नळी घालून नऊशे मिली लघवी काढली, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, तेव्हा रक्त थांबलं. बाई वाचली. आयाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी बाईकडे पाहिलं. मला येतं, म्हणून मी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, की ही नोंद खोटी आहे, घडण्याआधीच मी ती केली, आणि त्यातून पुढे हे झालं. ट्यूटरबाई म्हणाल्या, ते पान फाड, नवं लिही, लगेच सही करते. मी नाही म्हटलं. अर्जाची शेवटची तारीख बावीस आहे.

रागाव, पण पत्र पाठव.

तुझी
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा कान पिरगाळावासा वाटला, दुसऱ्यांदा दोन्ही.

चूक केलीस ती मोठी. कबूल केलीस ते ठीक. पण हुतात्मा व्हायची ही हौस कुठून आणलीस? आपल्या घरात माझ्याखेरीज कोणाला नव्हती आणि माझं त्याने काय भलं झालं ते तू पाहतेसच. माझं ऐक. पान फाड, सही घे, परीक्षा दे. एकदा नर्स झालीस की हव्या त्या माणसाशी हवं ते भांड, मी पदर खोचून तुझ्या बाजूला उभी राहीन. आधी पाय रोवायला जागा लागते, मग आवाज चढवता येतो. विद्यार्थिनीचं भांडण कोण ऐकतं? ट्यूटरबाई तुझी वैरीण नाही. तिलाही वर तोंड द्यायचं असतं.

आणि तुझा बाप. त्याने आत्ताच आळीभर आमची नर्स, आमची नर्स लावलंय. परवा शेजारणीला शिंक आली, तर हा म्हणे, थांबा, भिंगरीला विचारतो. त्याला मी काय सांगू?

माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे मी ते वापरत नाही. डोकं शांत ठेव आणि बावीसच्या आत सही झाली, एवढं एका ओळीत कळव.

तुझ्यावर जीव असलेली
आत्या


ता. १३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एका ओळीत कळवते. पान फाडणार नाही.

आता बाकीच्या ओळी. तू म्हणतेस, आधी नर्स हो, मग भांड. आमच्या ट्यूटरबाईही कधीतरी असंच ठरवून पान उतरवत असतील. आमच्या सिस्टरही. आधी सही, मग नोकरी, मग कायम होणं, मग बढती. भांडायची वेळ नेमकी कुठल्या पायरीवर येते, ते मला कोणी दाखवत नाही. गप्प बसायची सवय मात्र पहिल्या पायरीपासून लागते. मी आज हे पान फाडलं तर उद्या दुसरं फाडायला हात कचरणार नाही. दहा वर्षांनी एखादी पोर माझ्यासमोर अशीच उभी राहील आणि मी तिला गोड आवाजात म्हणेन, बाळ, नवं लिही.

आणि पान माझं एकटीचं नाही गं. त्या बाईच्या अंगातून रक्त गेलंय. ती पांढरी फटक पडून छताकडे बघत होती आणि बाळ शेजारी रडत होतं. पान फाडलं म्हणजे हे घडलंच नाही. चूक माझी नाही, सिस्टरची नाही, सकाळी आठला फाइल मागणाऱ्या कोणाचीच नाही. सगळे स्वच्छ, बाई तेवढी अशक्त. मी शिक्षा मागत नाहीये. घडलं ते लिहिलेलं राहू द्या, एवढंच मागतेय.

खोटं तरी किती रेखीव आहे ते बघ. आमच्या वर्गात बत्तीस मुली. बत्तीस बायकांना बरोबर दहा वाजता लघवी होते. नोंद अशी आहे: ‘दहा वाजता आधार देऊन न्हाणीघरात नेले. लघवी तीनशे मिली, स्वच्छ. बाईंना हायसे वाटले.’ बत्तीस जणींना हायसे वाटले, आत्या. हसावं की रडावं?

बाबांना तूर्त सांगू नकोस. गुडघे वापर.

तुझी हट्टी
भिंगरी


ता. १७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाईंना हायसे वाटले, हे वाक्य माझं आहे.

मीही त्याच कॉलेजात शिकले, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षाला असताना मी ते लिहिलं. माझी बाई चौथ्या खेपेची होती, टाक्यांच्या भीतीने उठायला तयार नव्हती. मी तिच्या कमरेत हात घातला, न्हाणीघरापर्यंत पंचवीस पावलं चालवली, नळ सोडून ठेवला आणि दाराबाहेर उभी राहिले. तिला लघवी झाली तेव्हा घड्याळात दहा वाजले होते. मोजपात्रात तीनशे मिली होती. बाहेर येऊन ती भिंतीला टेकली आणि हसली. मग मी लिहिलं. त्या वेळच्या ट्यूटरांनी पान उत्तम म्हणून वर्गाला दाखवलं, मुलींनी उतरवून घेतलं आणि मी गावभर मिरवले. माझं कौतुक आजवर तिथल्या खाटांना टांगलेलं आहे, हे मला तुझ्याकडून कळावं.

मागच्या पत्रातला माझा सल्ला मी परत घेते. म्हातारपणी शब्द फिरवायला लाज वाटते, पण चुकीचा सल्ला तसाच ठेवायला जास्त वाटते. ट्यूटरबाईंना मी चिठ्ठी लिहिणार नाही, ओळखदेख काढणार नाही. तुझी लढाई वशिल्याने जिंकली तर ती हरल्यासारखीच.

एकच विचारते. तू खरं लिहिलंस म्हणतेस, ते कोणाला विचारून? आयाबाईंनी पाहिलं, सिस्टरनी सांगितलं, तू लिहिलंस. ज्या बाईवर गुदरलं तिला वाचून दाखवलंस का? नसशील, तर तेही पान अजून अर्धं उतरवलेलंच आहे.

तुझ्या बापाचं मी पाहते. तू तुझं पाहा.

मान ताठ ठेव आणि जेवत जा.

तुझी
आत्या


ता. २४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वीस तारखेला माझी बाई बाळाला घेऊन तपासणीला आली. मी तिला बाकावर बसवलं आणि ते पान सावकाश वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, यात एक राहिलंय. लघवीला जायचंय, कोणीतरी धरा, असं मी दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा कोणाला ते आठवत नाही. पहिल्यांदा तुलाच. तू खाली मान घालून लिहीत होतीस, म्हणालीस, एवढं संपवते आणि येते.

आत्या, मला ते आठवतच नव्हतं. तिने सांगितल्यावर आठवलं. ती रागावली नव्हती, बाळाचं टोपडं सरळ करत होती. मी तिच्यासमोर ते लिहिलं, तिच्याच शब्दांत, आणि पुन्हा वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाली.

बावीसला ट्यूटरबाईंनी पान वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाल्या, वरचं सगळं राहू दे, मी सही करते, पण ही शेवटची ओळ काढ, कॉलेजची अब्रू आहे. खरंच हळू बोलल्या, दरडावून नाही. मी म्हटलं, बाई, ती ओळ माझी नाही, मला काढता येणार नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझा अर्ज गेला नाही. आता परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर वॉर्डाची पाळी पुन्हा पहिल्यापासून.

बाबांना मीच फोन केला. त्यांनी विचारलं, ती बाई बरी आहे ना. बरी आहे म्हटल्यावर म्हणाले, मग सहा महिन्यांचं काय एवढं. मागून तुझा आवाज आला, म्हणजे पढवणी तुझीच. पण आवाज त्यांचा होता.

आज नवी बाळंतीण मिळाली. आठला फाइल दाखवली, तीन रकाने भरलेले आणि परिणामाचा कोरा. ट्यूटरबाईंनी त्यावर बोट ठेवलं. मी सांगितलं, बाई अजून खाटेवरून उठलेली नाही. ती उठेल तेव्हा मी तिला धरणार आहे, त्यानंतर लिहीन. फाइल त्यांच्या हातात ठेवून मी वॉर्डात निघून आले.

रागलोभ दोन्ही असू दे, पत्र मात्र चुकवू नकोस.

तुझी
भिंगरी