अनेकवचन, मराठी न बोलता

सोम. ७ जुलै
कोपरखैरण्याचा क्लास. पाचवीला प्लुरल. सगळ्यांनी नाइफ-नाइव्ह्ज घोकलं, पण शीपचं अनेकवचन शीपच, हे सायलीला काही झेपेना. शेवटी म्हटलं, एक लाडू, दहा लाडू, शब्द बदलला का? तसंच शीप. पोरगी हसली, लिहायला लागली.
तेवढ्यात सरांचा फोन. क्लास त्यांचा, घरी बसून कॅमेऱ्यात बघतात. पालकांनाही मोबाइलवर दिसतं. "मॅडम, मराठी नको. पेरेंट्स ऐकतायत." डोकंच फिरलं.

बुध. ९
आज पझेसिव्ह. फोन बंद केला आणि सरळ मराठीत सांगितलं. आईचा डबा, आईची साडी, आईचे केस. आपल्याला वस्तू बघून चा-ची-चे बदलावं लागतं, इंग्रजीत तिन्हींना एकच, वरचा स्वल्पविराम आणि एस. सायली म्हणे, "मग सोप्पंय की टीचर." भराभर वाक्यं लिहिली, सगळी बरोबर. एवढे दिवस तोंड न उघडणारी पोर.
बघू दे कॅमेऱ्यात कुणाला बघायचं ते.

शुक्र. ११
तक्रार आली. मॅडम मराठीत शिकवतात. सर म्हणाले, पुन्हा झालं तर दुसरी टीचर बघावी लागेल.
तक्रार कुणाची? सायलीच्या वडिलांची. नुसता संताप. ज्यांच्या पोरीसाठी जीव काढते, त्यांनीच...

शनि. १२
त्यांना बोलावून घेतलं. मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. विचारलं, तिला समजतंय ते तुम्हाला नकोय का?
"मॅडम, मराठी घरात हाय की. त्येच्यासाठी हितं धाडलीय व्हय? साहेब लोक इंग्रजीत बोलाय लागलं की मी बाजूला हुतो. पोरगीनं का व्हावं?"
आधी समजलं तर इंग्रजी शिकेल ना, हे ओठांवर आलं होतं. म्हटलं मात्र, "बरं, इंग्रजीतच शिकवते." त्याचाच जास्त राग. घरी येऊन भांडी आदळली.

मंगळ. १५
दोन दिवस नुसतं इंग्रजी. आज अनेकवचनाचं पझेसिव्ह. सायलीने हळूच विचारलं, "टीचर, पोरी खूप असल्या तर वरचा स्वल्पविराम कुठं द्यायचा?" इंग्रजीत सांगितलं. दोनदा, सावकाश. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"अंडरस्टूड?"
"येस टीचर."
वहीत एक अक्षर नाही. मी पुढच्या बाकाकडे गेले. कुणाच्या तरी कानाखाली द्यावीशी वाटत होती, कुणाच्या ते ठरेना.
उद्या परत हाच धडा. कोणत्या भाषेत, ते अजून ठरलेलं नाही.