किती दिवे?

१२ जून, बुधवार

मंगळवारी ऑपरेशन. थायरॉइडने उजवा डोळा खाली ओढून ठेवलाय, त्यामुळे सगळं दोन-दोन – एकावर एक. हनुवटी वर केली की दोन्ही जुळतात. म्हणून मी दोन वर्षं नाक वर करून फिरतेय. दुकानातली ग्लेनिस म्हणते, शाळेची बस चालवून एवढा तोरा! बस तरी कुठे चालवते? परवाना काढून घेतलाय. माझी बस आता वेनकडे. नदीकाठच्या वळणांवर नुसता ब्रेक घासतो मेला!

डोळा जुळला नाही तर बस कायमची त्याची.

१८ जून, मंगळवार

झालं एकदाचं. डोळ्यावर पट्टी. डॉ. कासिमाटीस म्हणाल्या, डोळ्याच्या स्नायूचा टाका मुद्दाम सैल ठेवलाय, उद्या तुम्हाला विचारून विचारून ओढायचा आणि मग पक्का करायचा. जागेपणी! नवरा, क्लाइव्ह, तेवढ्यात खाली जाऊन सँडविच खाऊन आला. घाबरला की खातो.

१९ जून

थेंब टाकून डोळा बधिर केला. भिंतीवर दिवा. डॉक्टरबाईंनी माझी हनुवटी खाली करून हातात धरली.

"किती दिवे?"

दोन. टाका ओढला. पुन्हा विचारलं. दोनच, पण जवळजवळ. आणखी ओढला.

एक!

गाठ मारली. मी रडलेच. त्या म्हणाल्या, सरळ समोर एक दिसेल, खाली बघताना मात्र दोन राहतील कदाचित. राहू देत की. बस काय पायाकडे बघून चालवतात?

२१ जून

घरी आले. दोन दारं. दोन क्लाइव्ह.

२२ जून, शनिवार

अजून दोनच. काल म्हटलं, सूज असेल. आज तसंही म्हणवत नाही. टाका सुटला असणार. डॉक्टरबाई सोमवारी भेटतील. क्लाइव्हने विचारलं, एक दिसतं ना? हो म्हटलं. त्याचं तोंड बघून खरं सांगवेना. संडासात नळ सोडून रडले.

वेन आता बसमध्ये स्वतःची उशी ठेवतो म्हणे.

२३ जून, रविवार

नाश्त्याला क्लाइव्ह म्हणाला, "डोळा बरा झाला ना? मग आता तरी नाक खाली कर बाई. मी घरचाच आहे."

चिडून केलं खाली. डॉक्टरबाईंनी हनुवटी धरली होती ती उगाच नव्हे! आणि मी घरी आल्यापासून सवयीने ती वरच, म्हणजे नजर सारखी खाली.

एक क्लाइव्ह. मिशीत टोस्टचा चुरा.